लसीसाठी व्हॉट्सॲप बॉट बनवताय? वयात येणाऱ्या मुलांच्या आईबापांशी बोलायचं कसं, अगदी पहिल्यापासून

रात्री पावणेदहाला एका आईचा मेसेज येतो, "सुई दिली तर पुढं लग्नानंतर काही अडचण नाही ना". बस एवढंच. नमस्कार नाही, मुलीचं नाव नाही, कुठली सुई तेही नाही. मुलगी सातवीत, शाळेतून चिठ्ठी आलीये, दुपारी शेजारणीनं काहीतरी सांगितलंय आणि ते डोक्यात फिरतंय, सिस्टरला एवढ्या रात्री फोन करायची हिंमत नाही आणि नवऱ्याला विचारायची लाज वाटते. ह्या वेळेला तिला कोणीतरी शांतपणे, खरं उत्तर द्यावं एवढ्यासाठीच बॉट, म्हणजे व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणारा मदतनीस, बनवायचा असतो. आम्ही तालुक्याच्या पातळीवर हे काम करतो, आणि नवीन संस्था, नवीन पोरंपोरी विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बॉट पटवायला बनवू नका. "लस घ्या, लस महत्त्वाची आहे" असं दहा वेळा म्हणणारा बॉट लोक दोन दिवसांत म्यूट करतात. आईच्या मनातला नेमका प्रश्न बाहेर यावा, त्याला खरं उत्तर मिळावं आणि लागेल तिथं तिला सिस्टरपर्यंत नेऊन सोडावं, बॉटनं एवढं केलं तरी भरपूर झालं. लस घ्यायचा निर्णय ती करते, आणि बहुतेक वेळा बरोबरच करते.

आधी लसी समजून घ्या

किशोरवयीन म्हटलं की सगळे एकदम एचपीव्हीवर उडी मारतात, पण त्याआधी टीडी आहे. सरकारी वेळापत्रकात टीडी १० वर्षांना आणि १६ वर्षांना, मुलगा मुलगी दोघांना, फुकट. धनुर्वात आणि घटसर्प दोन्हीसाठी. गावात अजून सगळे त्याला "टीटी" किंवा "धनुर्वाताचं इंजेक्शन" म्हणतात, तर बॉटलाही टीटी हा शब्द कळला पाहिजे. आणि आयांना वाटतं की पाच वर्षांचा डोस झाला म्हणजे संपलं सगळं. १६ च्या डोसचं तर नावच काढत नाही कोणी, कारण तोवर पोरगं शाळेतून कॉलेजात गेलेलं असतं आणि शाळेत येणारं आरोग्य पथक त्याला गाठत नाही. बॉटचा सगळ्यात सोपा आणि लगेच दिसणारा फायदा इथंच आहे.

मग एचपीव्ही. हे एका विषाणूचं नाव, आणि त्याच्यावरची लस गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळण्यासाठी, गावात बायका म्हणतात "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर". ह्या विषाणूचे प्रकार पुष्कळ, पण १६ आणि १८ नंबरचे दोन मिळून ह्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसना कारणीभूत आहेत, आणि हे दोन्ही लसीत असतात. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांच्या वर बायका त्यात दगावतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं सर्व्हाव्हॅक बनवली, २०२२ ला परवानगी मिळाली, जानेवारी २०२३ ला ती बाजारात आणायची घोषणा झाली, खासगीत सुरुवातीला डोसला साधारण २००० रुपये. ९ ते २६ वयात, मुलांनाही चालते.

डोस किती, इथं नवखे लोक हमखास गडबडतात. लसीच्या डब्यावरच्या माहितीप्रमाणे ९ ते १४ वयाला दोन डोस सहा महिन्यांच्या अंतरानं, १५ पासून पुढं तीन. पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की ९ ते २० वयाला एक डोसही चालू शकतो. म्हणजे एका आईला खासगी डॉक्टर दोन सांगणार आणि दुसरीकडे कुणीतरी एक सांगणार आणि दोघंही खोटं बोलत नसणार. म्हणून तुमच्या भागात सरकारी केंद्रावर सध्या कोणत्या वयाला, कुठली लस, किती डोस हे मेडिकल ऑफिसरकडून लेखी घ्या, तारीख टाकून, आणि बॉटमध्ये ही माहिती एकाच जागी ठेवा. दहा उत्तरांत विखुरली तर धोरण बदललं की नऊ जागी बदलाल आणि दहाव्या जागी जुनंच राहील.

कॉम्प्युटर उघडायच्या आधी प्रश्न गोळा करा

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते आणि हीच खरी आहे. दोन पालक सभांना जा, एखाद्या आशाताईबरोबर दोन दिवस घरोघर फिरा, उपकेंद्राच्या ओट्यावर बसा. वही घ्या आणि प्रश्न जसाच्या तसा लिहा, शुद्ध करायचा नाही. लोक कसं विचारतात बघा:

"पाळी आलीये, आज दिली तर चालंल का" (चालते.)
"अजून पाळीच आली नाही तर कशाला एवढ्या लवकर"
"पोराला कशाला, त्याला थोडीच पिशवी असते"
"मूल होत नाही म्हणे नंतर"
"ही करोनाची सुई आहे का"
"फुकट आहे म्हणजे काहीतरी असणार"
"मोठ्या मुलीला दिली होती, हात सुजला होता"
"आमच्यात कोणाला कॅन्सर नाही"

आता यातला "कशाला एवढ्या लवकर" हा प्रश्न नीट बघा. आई खरं म्हणजे विचारतेय की माझी मुलगी तसली आहे असं तुम्हाला वाटतं का. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे तिनं कुठंतरी ऐकलंय आणि तिला ते मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतंय. ह्याला जर बॉटनं विषाणूचं शास्त्र सांगितलं तर ती दुखावते आणि चॅट बंद. आम्ही बऱ्याच चुका करून शेवटी ठेवलेलं उत्तर असं आहे: "ताई, ही लस मुलगी लहान असतानाच सगळ्यात चांगली काम करते, म्हणून वय कमी ठेवलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन आपण जखम व्हायच्या आधी देतो ना, तसंच. यात मुलीच्या वागण्याचा काही संबंध नाही." हे वाचून एका आईनं नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला होता आणि चार दिवसांनी मुलीला घेऊन आली.

असे पन्नास-साठ प्रश्न झाले की तेच तेच परत यायला लागतात, तेव्हा थांबा.

उत्तरं लिहिणं

प्रत्येक उत्तर मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावलं पाहिजे, स्क्रोल नको. पहिल्या ओळीत थेट उत्तर, हो की नाही, मग कारण, मग पुढं काय करायचं. दुखतं का असं विचारलं तर "नाही" म्हणू नका, दुखतं. हात दुखतो, थोडी सूज येते, एखाद दिवस कणकण, डोकं दुखणं. या वयात सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडणं पण होतं, विशेषतः उपाशीपोटी आलेल्या मुली, म्हणून खाऊन यायचं, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. हे आधीच सांगितलेलं असलं की शाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडली तरी गावभर बोंब होत नाही.

सगळी उत्तरं छापून डॉक्टरांकडून वाचून घ्या, प्रत्येक पानावर सही. वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, पण सही नसलेलं एकही उत्तर बॉटमध्ये जाऊ देऊ नका.

मराठीचा खरा घोळ

इंग्रजीतून भाषांतर करून बॉट बनवलेले मी पाहिलेत, "प्रिय पालक, आपल्या पाल्याचे लसीकरण सुनिश्चित करा", असलं वाचून कोण उत्तर देणार. आईशी "तुम्ही", "ताई" चालतं, पण फोन बापाचा किंवा आजोबांचा असू शकतो, तर पहिल्या मेसेजला नुसतं "नमस्कार" ठेवा आणि कोण बोलतंय ते विचारून मग ताई किंवा दादा. मुलांशी "तू". पण "तू" म्हटलं की लगेच गेलास की गेलीस हा प्रश्न येतो, आणि मुलीला "आलास का" म्हणणारा बॉट एका क्षणात परका होतो. यावर उपाय म्हणजे वाक्यच फिरवायचं, "तू लस घेतली आहेस का" यात मुलगा मुलगी दोन्ही बसतात.

बॉट स्वतः "सांगते" म्हणणार की "सांगतो" हेही ठरवा आणि मग सगळीकडे तेच. नाव काहीही द्या, पण पहिल्याच मेसेजमध्ये साफ सांगा की हा मशीनवर चालणारा मदतनीस आहे, माणूस नाही, आणि माणूस हवा असेल तर खालचं बटण दाबा. एका आजींनी आमच्या बॉटला सिस्टर समजून स्वतःच्या गुडघ्याचं सगळं दुखणं लिहिलं होतं आणि उत्तराची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हापासून ही ओळ आम्ही सगळ्यात वर नेली.

बटणांचं गणित: व्हॉट्सॲपवर एका मेसेजला जास्तीत जास्त तीन बटणं आणि एका बटणावर २० अक्षरं, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. "लसीकरण केंद्राची माहिती" दिसायला छोटं, पण मोजलं तर २३ भरतं, बसत नाही. "सुई कुठे मिळेल" १४ मध्ये बसतं आणि लोक तसंच बोलतात पण. "सिस्टरशी बोलायचंय" १७. ही मर्यादा आम्हाला सुरुवातीला जाचक वाटली, आता मला ती आवडते, कारण तिच्यामुळे सरकारी भाषा आपोआप गळते.

आणि लोक टाइप कसं करतात ते विसरू नका, निम्मे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, बाकीच्यांपैकी बरेच जण व्हॉइस नोट पाठवतात. आवाजाचं मराठी अक्षरांत रूपांतर करायला सरकारच्या भाषिणीसारख्या सोयी आहेत, पण बोली, मागे चालू टीव्ही, रडणारं पोर, यात चुका होतात. सुरुवातीला व्हॉइस नोट माणसानंच ऐकावी हे उत्तम. निदान "तुमचा आवाज मिळाला, उद्या सकाळी सिस्टर उत्तर देतील" एवढं तरी लगेच गेलंच पाहिजे.

कशावर बनवायचा

पहिला बॉट साधा बनवा, बटणं आणि ठरलेली उत्तरं. संस्थांसाठी ग्लिफिक नावाचं आपल्याकडेच बनलेलं ओपन सोर्स साधन आहे, कोडिंग न येणाऱ्यालाही त्यात संवादाचा फ्लो काढता येतो. व्हॉट्सॲपचा एक नियम पाठ करून ठेवा: समोरच्यानं मेसेज केल्यापासून २४ तास तुम्ही मोकळेपणानं लिहू शकता, त्यानंतर फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला मेसेज, पाठवता येतो. म्हणजे आठवणीचे सगळे मेसेज आधीच लिहून मंजुरीला टाकायला लागतात, शिबिराच्या आदल्या दिवशी नाही.

एआय वापरायचा का? वापरा, पण प्रश्न ओळखायला. "सुई कवा हाय", "लस कधी", "डोसची तारीख" हे तिन्ही एकच आहेत हे ओळखणं एआयला छान जमतं. उत्तर मात्र सही झालेल्या कागदातलंच जाऊ द्या. आम्ही चाचणीत एकदा एआयला मोकळं सोडलं होतं, त्यानं १६ वर्षांच्या मुलीला दोन डोस पुरे (डब्यावरच्या माहितीप्रमाणे तीन) असं अगदी गोड मराठीत, आत्मविश्वासानं सांगितलं, आणि ते इतकं छान लिहिलेलं होतं की आमच्यातल्या दोघांनी वाचूनही चूक पकडली नाही. सिस्टरनं पकडली. प्रश्न ओळखू आला नाही तर बॉटनं अंदाज मारायचा नाही, "हे मला नीट कळलं नाही, सिस्टरला विचारून सांगते" म्हणायचं आणि खरंच विचारायचं.

अवघड प्रश्नाला पाठ दाखवू नका

कोणीतरी एक जुनी बातमी पाठवणारच, की "आंध्रात मुली मेल्या होत्या या लसीनं". याला "अफवांवर विश्वास ठेवू नका" हे उत्तर नाही, कारण ही नुसती अफवा नाही, घडलेली गोष्ट आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली, काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये सगळं थांबवलं. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, पण संमती घेण्यात मोठ्या चुका झाल्या होत्या, हॉस्टेलच्या वॉर्डननी आईबापांच्या जागी सह्या केल्या होत्या. हे सगळं, चुकीसकट, बॉटनं सांगावं. आम्ही तसंच लिहिलंय, आणि खाली एक ओळ, "म्हणूनच तुमच्या सहीशिवाय तुमच्या मुलीला लस दिली जाणार नाही."

त्याच वेळी देशात एचपीव्ही लसीचाच दुसरा एक अभ्यास चालू होता, त्यात आपलं पुणं आणि बार्शीही होतं. २०१० ला तोही थांबवावा लागला आणि त्यामुळे कित्येक मुलींना एकच डोस मिळाला. त्या मुलींना पुढं वर्षानुवर्षं तपासत राहिले तेव्हा दिसलं की एका डोसनंही भक्कम संरक्षण मिळतंय. आज जगभर एका डोसची जी चर्चा आहे तिला या मुलींच्या माहितीचा मोठा आधार आहे. सोलापूर-धाराशिवकडच्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. आपल्या बार्शीच्या पोरी आहेत म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. आणि सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळांमधून ही लस दिली तेव्हा ९५ टक्क्यांच्या वर मुलींनी घेतली, तिथं आधी शिक्षक आणि पालकांशी भरपूर बोलून घेतलं होतं.

जिथं बॉटनं लगेच बाजूला व्हायचं

"श्वास", "बेशुद्ध", "तोंड सुजलं", "अंगावर पित्त उठलं", असे शब्द आले की मेनू नाही, प्रश्न नाही, सरळ १०८ ला फोन करा आणि केंद्राचा नंबर, आणि त्याच सेकंदाला तुमच्या माणसाच्या फोनवर अलर्ट. शिवाय मुलंमुली बॉटला अशा गोष्टी सांगतात ज्या घरी सांगता येत नाहीत. कुणी त्रास देतंय, जगावंसं वाटत नाही. लसीचा बॉट आहे म्हणून "मला समजले नाही, कृपया पर्याय निवडा" असं उत्तर गेलं तर ते मूल परत कोणाला सांगणार नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन्ही नंबर असलेलं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार पाहिजे, आणि ते मेसेज कोण वाचणार त्या बाईचं नाव ठरलेलं पाहिजे.

खासगीपणाचं पण इथंच सांगते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून नोंद पालकाच्या नावानं करा, मुलाचं फक्त जन्मसाल आणि इयत्ता घ्या, आधार नंबर वगैरे अजिबात मागू नका. चॅटमधलं "हो" ही लसीची संमती नाही, ती कागदावर वेगळी. आणि फोन घरात एकच असतो, लॉक स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ सगळ्यांना दिसते, म्हणून पहिल्या ओळीत पाळी, कॅन्सर असले शब्द टाकू नका. "तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंय" एवढं पुरतं.

गावात सोडताना

नुसता नंबर शाळेच्या ग्रुपवर टाकला तर कोणी फिरकत नाही, अनोळखी नंबर म्हणून लोक ब्लॉकच करतात. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत व्हॉट्सॲपवरून काय काय फिरलं होतं ते शिक्षकांना अजून आठवतंय, त्यामुळे त्यांचा संशय रास्त आहे. पालक सभेत सिस्टरनं स्वतः उभं राहून आपल्या फोनवरून बॉटला प्रश्न विचारावा, उत्तर मोठ्यानं वाचून दाखवावं आणि म्हणावं "ही उत्तरं आम्हीच लिहिलीत". मग नंबर सेव्ह करून घ्या, तिथल्या तिथं. मेसेज पाठवायची वेळ आमच्याकडे रात्री नऊनंतरची, भांडी आवरून फोन हातात येतो तेव्हा. तुमच्याकडे वेगळी असेल, विचारा.

पहिला महिना रोज सगळे चॅट वाचा. किती लोकांनी बॉट वापरला हा आकडा सांगायला बरा असतो, पण बघायचं ते सिस्टरच्या रजिस्टरमध्ये, डोस किती पडले.

आणि दोन डोस असतील तिथं दुसऱ्या डोसचं आजपासून बघा. आमच्याकडे शाळा उघडल्यावर जून-जुलैत पहिला डोस होतो, म्हणजे दुसरा येतो डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा निम्मी वस्ती ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात गेलेली असते. आठवणीचा मेसेज जातो, निळ्या टिक पण येतात, पण मुलगी फडावर आहे. म्हणून आम्ही पहिल्या डोसच्या दिवशीच बॉटमधून एक प्रश्न विचारतो, "दिवाळीनंतर कुठं असाल?" उत्तर आलं की त्या कारखान्याजवळचं आरोग्य केंद्र शोधून ठेवतो आणि मेसेज त्या केंद्राच्या पत्त्यासकट पाठवतो. कार्डाचा फोटो चॅटमध्येच ठेवायला सांगतो, कागद पालाच्या ओलीत टिकत नाही. आणि नोंद करताना दुसरा एक नंबर घेतोच घेतो, गावात मागं राहिलेल्या आजीचा.